पांढरं रबर म्हणजे फूड ग्रेड का?

प्रश्न : म्हसरूळला आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाण्याचं तेल स्टीलच्या टाकीत निवळायला ठेवतो. झाकणाचं पांढरं गॅस्केट (फट बंद करणारी रबरी रिंग) फुगून खाचेबाहेर आलंय आणि तेलाला रबराचा वास येतोय. दुकानदार म्हणतो, पांढरं म्हणजे फूड ग्रेडच. खरं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, वास लागलेलं तेल आधी बाजूला काढा. विकू नका, घरातही वापरू नका.

रंगावर मुळीच जाऊ नका. माझी नोकरी सातपूरला, रबर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. पांढऱ्या मालात टायटॅनियम डायऑक्साइड पडायचं, काळ्यात कार्बन ब्लॅक; एवढाच तो फरक. डेअरीच्या पाइपांना बसणाऱ्या कित्येक उत्तम रिंगा काळ्याच असतात. दुकानदाराला विचारायचं ते, रबर कुठलं?

तुमचं गॅस्केट बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराचं किंवा नैसर्गिक रबराचं आहे. ईपीडीएम पाण्याला, वाफेला, कॉस्टिक सोड्याच्या धुण्याला झकास टिकतं. तेलात मात्र फुगतं. तेल आत शिरलं की आतलं सुटून बाहेर यायला लागतं : रबर मऊ राहावं म्हणून घातलेलं प्रोसेस ऑइल, व्हल्कनायझिंग (तापवून रबर पक्कं करणं) लवकर व्हावं म्हणून घातलेल्या अ‍ॅक्सिलरेटरचा उरलासुरला अंश. काही अ‍ॅक्सिलरेटरांपासून नायट्रोसामाइन तयार होतात आणि त्यातली बरीचशी कर्करोगकारक असतात. खाण्याच्या तेलात हे चालवून घेऊच नये.

तुम्हाला हवं नायट्राइल, म्हणजे तेलात टिकणारं कृत्रिम रबर, तेही खाद्यतेलासाठी बनवलेलं. बिलावर ‘फूड ग्रेड’ लिहून भागत नाही, चाचणीचा अहवाल मागा. अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) २१ सीएफआर १७७.२६०० हा नियम पाणीदार आणि तेलकट पदार्थांसाठी वेगवेगळ्या चाचण्या सांगतो. तेलकटासाठी रबर उकळत्या एन-हेक्झेनमध्ये (तेल विरघळवणाऱ्या द्रवात) ठेवतात. पहिल्या ७ तासांत दर चौरस इंचाला १७५ मिलिग्रॅम आणि पुढच्या २ तासांत ४ मिलिग्रॅम, याहून जास्त काही सुटता कामा नये. अहवालात नुसती पाण्याची चाचणी असेल, तर तो तुमच्या उपयोगाचा नाही.

माल घेण्याआधी नमुन्याचा तुकडा मागून घ्या. व्हर्नियरने जाडी मोजा, तुमच्याच कोमट तेलात दोन दिवस बुडवा, पुसून पुन्हा मोजा. जाडी वाढली किंवा तुकडा चिकट लागला, तर ते रबर घेऊ नका. तुकडा जसाच्या तसा राहिला तरी अहवाल लागतोच, कारण तेलात काय उतरलं ते व्हर्नियरला कळत नाही.

आणि नवी रिंग बसवण्याआधी झाकणाची खाच गरम पाण्याने, साबणाने घासून कोरडी करा. जुनं खवट तेल तिथेच दडून बसतं.