सुतारकामाच्या बेंचला टेल वाइस कोणता लावावा? एल आकाराचा, वॅगन की बाजारातला साधा लोखंडी?

तुम्ही विचारलंय की बडोद्याला घरी 5 फुटी बेंच करतोय, सागाचा टॉप 3 इंच जाड, पुढचा वाइस घेऊन झालाय, आता उजव्या टोकाला टेल वाइस, म्हणजे फळी लांबीत पकडणारा शिकंजा हवाय, तर एल आकाराचा बनवू, वॅगन वाइस (टॉपच्या खाचेत सरकणारा) टाकू की हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी आणून ठोकून देऊ. पाय अजून जोडले नाहीत हे वाचून जीव भांड्यात पडला, का ते पुढे सांगतो.

माझं उत्तर म्हणजे 7 इंची (जबड्याची रुंदी) साधा लोखंडी कारपेंटर वाइस घ्या. 9 इंची नको, साडेदहा इंची तर अजिबात नको, दुकानदार कितीही म्हणाला की बडा लो भिया, काम आएगा.

मी इंदूरला रामबागेत राहतो, नोकरी संपल्यावर हा नाद लागला आणि पहिल्या बेंचला हौसेने एल आकाराचा टेल वाइस स्वतः बनवला, ड्रॉइंग बघून, तीन महिने लावून. दिसायला काय सुंदर होता! पण त्याचं सगळं वजन टॉपच्या बाहेर लोंबतं आणि आतल्या पट्ट्यांवर सरकतं, त्या पट्ट्या घासल्या किंवा लाकूड हललं की टोक खाली झुकायला लागतं. आमच्याकडे मे महिन्यात हवा पापडासारखी कोरडी आणि ऑगस्टमधे कपडे वाळत नाहीत, तर दोन पावसाळ्यांत माझा चांगला दिसण्याइतका खाली उतरला, म्हणजे फळीचं उजवं टोक हवेत, रंधा तिकडे गेला की फळी थडथड वाजणार. एकच गोष्ट त्याच्याच बाजूने बोलतो, त्याच्या खाचेत फळी उभी धरता येते आणि मधे स्क्रू आडवा येत नाही, डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा सांधा) कापायला ते फार सोयीचं. पण पुढचा वाइस आहे ना तुमच्याकडे.

आता टेल वाइसचं काम नेमकं काय ते बघा, कारण सगळी निवड त्यावरच आहे. फळी बेंचवर आडवी, डावीकडे भोकात एक खुंटी पक्की, उजवीकडे वाइसमधली खुंटी, दोघींच्या मधे फळी. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर रंधा उजवीकडून डावीकडे जातो, म्हणजे सगळा जोर डावीकडच्या पक्क्या खुंटीवर, वाइसवर नाहीच! वाइसने फक्त एवढंच करायचं की रंधा मागे ओढताना फळी त्याच्याबरोबर मागे येऊ नये. (डावखुरे असाल तर सगळं उलटं, वाइस डाव्या टोकाला.)

हे मला फार उशिरा कळलं. देवघराच्या दारासाठी 12 मिमीची सागाची फळी घासत होतो, हँडल अंगाचा जोर लावून पिळलेलं. वर स्टीलची पट्टी ठेवून बघितलं, एकदम सपाट, खूश झालो, वाइस सैल केला आणि परत पट्टी ठेवली तर मधे पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. परत घासली, परत तेच. शेजारी फर्निचरचं काम करायला एक मिस्त्री आलेले, ते चहा पीत बघून राहिले होते, म्हणाले, "इत्ता कस दोगे तो पटिया कमान बनेगी भिया." खरंच होतं, दोन्हीकडून दाबली की पातळ फळी मधे वर उचलली जाते, तो उंचवटा मी घासून काढत होतो आणि सोडली की तीच जागा खड्डा. ते मिस्त्री स्वतः जमिनीवर बसून पायाने फळी दाबतात, पुढे एक अडणी ठोकलेली, बस, आणि त्यांची फळी माझ्यापेक्षा सपाट. तर दोन बोटांनी हँडल फिरवा, अडकलं की थांबा.

जोर लागतच नसेल तर मोठा वाइस कशाला? शिवाय मोठ्याचा तोटाच आहे. वाइसचा स्क्रू मधोमध असतो आणि खुंट्यांची ओळ त्याच स्क्रूच्या रेषेत लागते, नाहीतर जबडा तिरका होतो. जबड्याची कड बेंचच्या पुढच्या कडेला मिळवली तर 7 इंचीत ती ओळ कडेपासून साडेतीन इंचांवर येते, 9 इंचीत साडेचार, साडेदहा इंचीत सव्वापाच. खोबणीच्या रंध्याचं गाइड फळीच्या बाजूने खाली उतरतं, त्याला फळी बेंचच्या कडेला हवी, ओळ आत गेली की अरुंद फळी कडेपर्यंत न येता टॉपच्या मधेच राहणार. जबडा पुढे काढून ओळ कडेला आणता येते पण मग कोपरा मांडीला लागतो, विचारू नका.

भोकं 4-4 इंचांवर पाडा, म्हणजे वाइस साडेचार-पाच इंच उघडला तरी कुठलीही लांबी पकडता येते. म्हणूनच टेलला क्विक रिलीज (हँडल न फिरवता जबडा झटकन सरकवायची सोय) नसला तरी चालतं, फिरवून फिरवून किती फिरवणार, तो पैसा पुढच्या वाइसवर ठीक आहे.

वॅगन वाइस मला आवडतो हे कबूल करतो. खुंटीचा ठोकळा टॉपच्याच खाचेत सरकतो, बाहेर काही लोंबत नाही, झुकायचा प्रश्न नाही. पण ती खाच टॉप चिकटवतानाच सोडलेली बरी, तुमचा टॉप तयार आहे असं दिसतंय, तयार टॉपमधे एवढी खाच कोरणं पहिल्या बेंचवर नको. बेंचक्राफ्टेडचा किंवा तसा परदेशी सेट मागवायचा म्हटलं तर ड्यूटी धरून लाकडाच्या वर खर्च जातो.

आता पाय. लोखंडी वाइसचा स्क्रू आणि दोन दांडे टॉपच्या खालून बरेच आत जातात. मी पाय आधी जोडले, वाइस मग इथल्या सियागंज बाजारातून आणला, आणि दांडा बरोबर पायावर येऊन बसला, शेवटी चांगल्या पायाला पटाशीने खाच पाडावी लागली. आधी वाइस आणा, टॉप उलटा करून त्यावर ठेवा, पूर्ण बंद करून दांडे कुठवर येतात तिथे पेन्सिलची खूण, पाय त्याच्या आत.

बसवताना लोखंडी जबड्याची वरची कड टॉपच्या अर्धा इंच तरी खाली ठेवा, रंध्याचं पातं लोखंडावर आपटलं की दिवसभर धार लावत बसाल. टॉपच्या टोकाला लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, तिथे स्क्रू नीट धरत नाहीत, खालून जाड ठोकळा लावून त्यात बोल्ट घ्या. वाइसच्या बाहेरच्या, सरकणाऱ्या जबड्याला 2 इंच जाड लाकडी गाल लावा आणि त्यात बरोबर स्क्रूच्या वर खुंटीचं भोक. भोकं 19 मिमीची. खुंट्या लाकडाच्याच करा, मी शिसवीच्या केल्यात, तोंडाला थोडासा, 2 अंशांचा उतार फळीकडे झुकता दिलाय म्हणजे फळी खाली दाबली जाते, आणि दर वेळी खुंटीचं डोकं फळीच्या वरच्या बाजूपेक्षा खाली आहे ना ते बोट फिरवून बघायचं.