‘चांगलाच हाय की!’ हे मत नव्हे : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रकल्पांचा हंगाम आला की पत्रांचा ढीग वाढतो आणि घोळ मात्र तेच असतात. ग्राहकांचं मत मोजणाऱ्या प्रश्नावल्यांबद्दलची यावेळची काही पत्रं घेतो.

एमबीएच्या प्रकल्पासाठी पाच बिंदूंची मोजपट्टी (म्हणजे प्रत्येक प्रश्नाला उत्तराचे पाच पर्याय, एक ते पाच गुणांचे) घेऊ की सात? मार्गदर्शक पाच म्हणतात, मैत्रीण सात.

पाच. फोनवर विचारणार असाल तर नक्कीच पाच, कारण सातवा पर्याय ऐकेपर्यंत पहिला विसरलेला असतो.

मधला पर्याय काढून टाकला की लोक ठाम मत देतात, असं ऐकलंय. खरं का?

ठाम मत देत नाहीत, सुटका करून घेतात. मधला पर्याय ठेवा. आणि ‘वापरलेलं नाही, सांगता येत नाही’ यासाठी मोजपट्टीबाहेर वेगळा रकाना द्या. हे दोन एकत्र केले की ज्यानं वस्तू पाहिलीच नाही त्याच्याही नावावर मधल्या पर्यायाचे तीन गुण लागतात.

एका विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी म्हणजे लायकर्ट स्केल ना?

नाही. रेन्सिस लिकर्ट (हो, उच्चार ‘लिकर्ट’) यांनी १९३२ साली मांडली ती अनेक विधानांच्या गुणांची बेरीज. एकच विधान म्हणजे नुसती वीट, भिंत नव्हे. उलट अर्थाची विधानं घातली असतील तर बेरजेआधी त्यांचे गुण उलटे करा (पाचाचा एक, चाराचे दोन). हे विसरलेले प्रबंध मी पाहिलेत.

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. इंग्रजी प्रश्नावली मोबाइलवर मराठीत करून घेतली आणि आठवडी बाजारात दीडशे बायकांना विचारलं. जवळजवळ सगळ्या ‘पूर्णतः सहमत’. तरी दुकानदार माल परत पाठवतोय. – कराडहून एक वाचक

प्रश्नावलीची प्रत सोबत जोडलीत, बरं केलंत. पहिलंच विधान बघा : ‘मसाल्याची चव व किंमत समाधानकारक आहे.’ चव आवडली पण किंमत टोचली, तर त्या बाईनं खूण कुठे करायची? त्याची दोन विधानं करा. पुढे पर्याय आहे ‘ना सहमत, ना असहमत’. कराडच्या बाजारात असं बोलणारं माणूस मला दाखवा! वर तुम्ही स्वतः समोर उभे आणि हातात फुकटची पुडी. आपल्याकडे तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही. ‘चांगलाच हाय की’ हा पाहुणचार झाला.

ही चूक मीही केली आहे. वाळवा तालुक्यातल्या एका गावात लोणच्याची पाहणी होती. एक आजी प्रत्येक विधानाला ‘व्हय’ म्हणत होत्या. शंका आली म्हणून विचारलं, लोणचं खारट आहे? ‘व्हय.’ मीठ कमी पडलंय? ‘व्हय की.’ वही मिटली आणि बरणी बघायला मागितली. महिना झाला होता, तरी गळ्यापर्यंत भरलेली, तेलाचा थर जसाच्या तसा. मग म्हटलं, “आजी, रुपयात किती आणे देशीला?” क्षणात उत्तर आलं, “धा आणे. मेथी कडू लागती.” सोळा आण्यांची ही मोजपट्टी कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण त्या पिढीला ती जन्मापासून पाठ होती. तरुण सुनेला मात्र आणे विचारू नका, तिला शाळेचे मार्क कळतात.

तेव्हा सहमत-असहमत सोडा. तिखटपणा विचारा : फार कमी, कमी, बरोबर, जास्त, फार जास्त. इथे उत्तम उत्तर मधलं आहे, म्हणून सरासरी काढू नका. निम्म्या ‘फार कमी’ आणि निम्म्या ‘फार जास्त’ म्हणाल्या तरी सरासरी ‘बरोबर’च येते! शेजारी दुसऱ्याचा मसाला बिननावाच्या पुडीत ठेवा, कुठली पुडी आधी द्यायची ते आलटूनपालटून. विचारणारी बाई तुमच्या घरची नको. भाषांतर माणसाकडून करून घ्या, आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत उलटवून बघा. तीस बायकांवर चाचणी घ्या आणि छापण्याआधी जाणकाराला दाखवा. छापल्यावर दाखवून काय उपयोग?

दुचाकीचं सेवाकेंद्र आहे. ‘शिफारस कराल का, शून्य ते दहा’ हा एकच प्रश्न पुरे म्हणून एका एजन्सीनं वार्षिक भाड्यानं सॉफ्टवेअर दिलं. गिऱ्हाइकं सहा-सात देतात आणि स्कोअर उणे येतो. सेवा इतकी वाईट आहे का?

ही पद्धत फ्रेडरिक रायकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडली. नऊ-दहा देणारे प्रशंसक, शून्य ते सहा नाराज, सात-आठ तटस्थ. प्रशंसकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. आता आपल्या शाळेत पस्तीसला पास आणि साठला फर्स्ट क्लास. सहा देणारा तुम्हाला फर्स्ट क्लास देतोय आणि सॉफ्टवेअर त्याला नाराजांत बसवतंय. परदेशी आकड्यांशी तुलना करूच नका, स्वतःच्या मागच्या तिमाहीशी करा. ‘असं का वाटलं?’ हा दुसरा प्रश्न जोडा, खरा माल त्यात आहे. आणि तुमचा पोरगा गाडी देताना ‘साहेब, फोन आला की दहाच द्या, नाहीतर पगार कापतात’ म्हणत असेल, तर तो आकडा फेकून द्या. कराराचं नूतनीकरण करण्याआधी, विकणारा नसलेल्या कुणाचा तरी सल्ला घ्या.

३८४ नमुने पुरतात असं ऐकलं. व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवून ४१२ आले. सोमवारी सादरीकरण आहे. विश्लेषण कोणतं करू?

३८४ हा आकडा मोठ्या लोकसंख्येतून यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्याचा : ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के इकडेतिकडे; म्हणजे अशा शंभर पाहण्या केल्या तर साधारण ९५ वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या पाच टक्के इकडेतिकडेच येतं. मावशीच्या ग्रुपवर तो लागू नाही, तिथून चार हजार आले तरी नाही. आणि विश्लेषण कोणतं, हे फॉर्म करण्याआधी ठरवायचं असतं. आता एवढंच करा : फॉर्म कुणी भरला ते पहिल्या पानावर लिहा, ‘महाराष्ट्रातील ग्राहक’ हे शब्द खोडा, आणि फॉर्मसकट उद्या सकाळीच संख्याशास्त्र विभागात जाऊन बसा. रविवारी रात्री मला मेल करू नका.