वाचकांचे प्रश्न : ‘पाठलाग’चे पोस्टर अस्सल की नक्कल?

प्रश्न : निपाणीत रद्दीच्या दुकानात ‘पाठलाग’चे पोस्टर आणि गाण्यांची पुस्तिका आहे. अस्सल कसे ओळखावे? या सिनेमाला एवढे गिऱ्हाईक का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ‘मेरा साया’ (१९६६) सगळ्यांना ठाऊक, तो ज्यावरून बेतला तो राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) मात्र मागे पडला. अभिनेत्री भावनाची दुहेरी भूमिका, काशिनाथ घाणेकरांचा वकील, गदिमा आणि दत्ता डावजेकरांची गाणी. म्हणजे रहस्यपटवाले, घाणेकरवाले आणि गाणीवाले असे तिघेही त्याच कागदामागे.

आधी घड्यांवरून बोट फिरवा. खऱ्या घडीवर शाई उडून कागदाचे तंतू लागतात. घडी डोळ्याला दिसते पण बोटाला लागत नाही, तर ते जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापलेले. मग दहापट भिंग लावा. छापखान्यातल्या ऑफसेट छपाईचे ठिपके ठरावीक जाळीत बसतात, आजच्या इंकजेट प्रिंटरचे फवारल्यासारखे विखुरतात. हाताने काढलेल्या लिथोत, म्हणजे शिळाछपाईत, जाळी नसतेच, तेव्हा तेवढ्यावरून नाकारू नका. ऑफसेट आहे म्हणून १९६४चेच, असेही नाही. सिनेमा पुन्हा लागला की पोस्टरे नव्याने छापत. खालच्या कडेला छापखान्याचे किंवा वितरकाचे नाव शोधा. ती पट्टीच कापलेली असेल तर भाव पाडून मागा.

पुस्तिकेत मधली पाने आहेत ना, ते आधी बघा. गाणी बहुधा तिथेच असतात. रहस्यपटाच्या पुस्तिकेतले कथानक ऐन वळणावर थांबून ‘पुढचे पडद्यावर पाहा’ म्हणते, ते पान फाटले असे समजू नका! गंजलेल्या पिना ओढू नका. पिनेचे आत दुमडलेले पाय बोथट सुरीने उघडा, पिन काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा.

प्रश्न : आमच्याकडच्या पावसात पोस्टर टिकेल का? लॅमिनेट करू का?

उत्तर : लॅमिनेशन मुळीच नको, ते कागद न फाडता निघत नाही, आणि संग्राहक असा माल हातात घेत नाहीत. सेलोटेपचा डिंकही कागदात मुरून पिवळा पडतो. फाटले तर मागून जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीने चिकटवा. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी सवय आहे, ती सोडा. मोरचुदातल्या तांब्याने कागद ठिसूळ होतो.

पोस्टर आम्लरहित कागदात, सपाट ठेवा. पीव्हीसीचे पाऊच टाळा, पॉलिस्टर चालते. कपाट पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. ६५च्या वर राहिली की बुरशी धरते. बंद डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल घाला, निळे खडे गुलाबी झाले की तापवून वाळवा. पावसाळा सरल्यावर ऊन मात्र दाखवू नका, रंग उडतात. सावलीत पंख्याखाली दोन तास पुरे.