जुनी घ्यायचीय, पण पळायला पण हवी

गणपतीला मुंबैकर गावी येतात आणि जाताना जुनी गाडी इकडेच भावाच्या नाहीतर भाच्याच्या गळ्यात मारून जातात, त्यामुळे गणपतीनंतरचे दोन महिने या पानावर जुन्या गाड्यांचीच पत्रं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून तर जास्तच, कारण नवी स्वस्त झाली मग जुनीचा भाव तोच कसा असं लोक विचारतात आणि बरोबरच विचारतात. या वेळी चार पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त गेलीय, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचं पण उत्तर त्यात थोडंफार आहेच.

प्रश्न: नमस्कार काका, मी देवगड-जामसंड्याचा, वय २७, नोकरी कणकवलीला. आठवड्यातून तीन-चार दिवस जाऊन येऊन करतो आणि महिन्यातून दोनदा फोंडा घाटातून कोल्हापूर. सध्या बाबांची अल्टो ८०० आहे, घाटात एसी बंद करायला लागतो आणि पुढे ट्रक आला की दाजीपूरपर्यंत त्याच्याच मागे. बजेट चार लाख. भरवशाची हवी पण जरा पळणारी पण हवी. मित्र म्हणतात पोलो जीटी घे, आई म्हणते वॅगनार घे. काय करू?

उत्तर: आईचं अर्धं ऐक आणि मित्रांचं अर्धं. आधी पैशाचं बोलू. चार लाख हातात असतील तर गाडी साडेतीनचीच बघायची, कारण जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन महिन्यांत खाते. चार टायर म्हणजे वीसेक हजार, मग बॅटरी, इन्शुरन्स, ऑइल, कूलंट, ब्रेकपॅड आणि घाटात वापरलेली असेल तर क्लच. लोक पूर्ण चार लाख गाडीत घालतात आणि मग गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतात. असलं करू नको.

आता पळणारी म्हणजे काय ते बघ. तुझा रस्ता एक्सप्रेसवे नाही. तुला हवाय तो दुसऱ्या-तिसऱ्या गियरमधला पिकअप, वळणावरून निघाल्यावर ट्रक मागे टाकण्यापुरता, बस्स. त्याला इंजिनाइतकंच वजन महत्त्वाचं. तुझी अल्टो ४८ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरच), वजन सातशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला साधारण सत्तर पीएस. मारुतीचं १.२ चं के सिरीज पेट्रोल इंजिन ८३ पीएसचं आहे, तेच इग्निसमध्ये बसवलंय आणि इग्निस भरते साडेआठशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला जवळजवळ शंभर. चौघं बसून एसी लावून फोंडा घाट चढलास की फरक कळेल. दिसायला ती गाडी काही लोकांना आवडत नाही, मला पण पहिल्यांदा बघितल्यावर मागून कुणीतरी करवतीनं कापल्यासारखी वाटली होती, पण म्हणूनच जुन्या बाजारात तिला स्विफ्टइतका भाव नाही आणि तो फायदा आपला. शिवाय खालून १८० मिलिमीटर मोकळी, तुमच्याकडच्या चिऱ्यांच्या गडग्यामधल्या वाटा आणि गावठी स्पीडब्रेकर लक्षात घेतलेस तर ही फार मोठी गोष्ट. ड्युअल एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) सगळ्या मॉडेलना पहिल्यापासून आहे. दाजीपूरला संध्याकाळी गवा रस्त्यात उभा राहतो हे तुला मी सांगायला नको, तेव्हा पळणारी गाडी घेणाऱ्याने थांबण्याचं पण बघावं.

स्विफ्ट घ्यायची तर २०१८ नंतरच्या बॉडीची घे, ती पण हलकी, पावणेनऊशे किलोच्या आत-बाहेर, तेच इंजिन, आणि वळणात इग्निसपेक्षा जास्त चिकटून जाते. पण तुझ्या बजेटात ती बहुतेक खूप पळालेली नाहीतर ठोकलेलीच मिळेल. त्याच्या आधीची स्विफ्ट भरपूर मिळतात आणि इंजिन चांगलंच आहे, फक्त व्हीएक्सआय या मधल्या मॉडेलला बऱ्याचदा एबीएस नसायचं. डिझेल स्विफ्ट घाटात मस्त ओढते, १९० एनएम टॉर्क (ओढायची ताकद) आहे, पण दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) खाली झोपलेली असते आणि नेमकं हेअरपिनला आपण तिथेच असतो. आणि मारुतीने एप्रिल २०२० ला डिझेल बंद केलं म्हणजे सगळ्यात नवी पण आता वयात आलेली.

आता मित्रांची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. खोटं नाही बोलणार, मी चालवलीय आणि गाडी जबरदस्त आहे. कागदावर टनाला पीएस इग्निसइतकेच पडतात, १०५ पीएस पण वजन अकराशे किलो, तरी चालवताना फरक जमीन-अस्मानाचा, कारण टर्बोमुळे १७५ एनएम टॉर्क दीड हजार आरपीएमलाच हातात येतो आणि मारुतीचा ११३ एनएम चार हजारच्या वर. पण तिच्यात सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे, त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गियर बदलणारा त्याचा मेंदू) गेलं की बिल लाखाच्या घरात जातं, आणि चार लाखाची गाडी घेणाऱ्याला एक लाखाचं बिल म्हणजे गाडी अंगणातच उभी. देवगडात हे काम कोण करणार? टोचन लावून कोल्हापूर. फोर्डची दीड लिटर डिझेल फिगो पण तसलीच, १०० पीएस, २१५ एनएम, चिल्लर भावात मिळते, पण फोर्डने २०२१ ला इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. पार्ट मिळतात, नाही असं नाही, पण वाट बघायला लागते, आणि दुसरी गाडी घरात असली तरच वाट बघणं परवडतं.

वेगळं काही हवं तर २०१४ नंतरची होंडा सिटी पेट्रोल बघ, ११९ पीएस, इंजिन नीट ऑइल बदललेलं असेल तर दगड आहे. चार-साडेचारला, म्हणजे तुझ्या बजेटच्या जरा वर, जास्त चाललेली मिळते आणि किलोमीटर जास्त आहेत म्हणून घाबरू नको, सव्वा लाख किलोमीटर हायवेला पळालेली सिटी ही साठ हजार किलोमीटर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत काढलेल्या गाडीपेक्षा बरी. फक्त ती साडेचौदा फूट लांब आहे, तुझ्या घराकडे जाणारी पाणंद आधी मोजून घे, हसू नको, एकाची गाडी चार महिने शेजाऱ्याच्या खळ्यात लागत होती.

तर मॉडेल झालं, इग्निस पहिली. पण खरं सांगू, मॉडेल हा सोपा भाग आहे. आपल्याकडे गाडी मरते ती इंजिनाने नाही, गंजाने. माझंच सांगतो. बरीच वर्षं झाली, एका डीलरकडून गाडी घेतली, वरून आरशासारखी, आणि खाली नुकतंच काळं अंडरकोटिंग मारलेलं. मला वाटलं वा, मालकाने काळजी घेतलीय. पहिला पावसाळा गेला आणि मागच्या सस्पेन्शनकडून टकटक यायला लागलं, लिफ्टवर घेतली तर मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. पत्रा नव्हताच, रंगच होता. तो म्हातारा मेकॅनिक तेव्हा म्हणाला ते अजून डोक्यात आहे, “वयरसून काय बगतंस, गाडी खालसून बघूची मरे.”

म्हणून गाडी लिफ्टवर नाहीतर पीटवर घेतल्याशिवाय एक रुपया अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही. खाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर संशय घे, जुन्या कोटिंगवर तांबडी माती बसलेली असते ती बरी. समोरचा सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट), मागचा अ‍ॅक्सल जिथे बोल्ट होतो ती जागा, ब्रेकच्या पाईपलाईनी, चाकांच्या कमानीच्या आतली कड, दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं आहेत तिथे बोट फिरव, आणि डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बघ. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि कोल्हापूर-सांगलीकडची गाडी एकाच वर्षाची असली तरी खालून बापलेक दिसतात. म्हणून शक्यतो घाटावरची घे, एमएच ०९ किंवा १० ची, फक्त २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेव, ते कसं ओळखायचं खालच्या पत्रात आहे.

इंजिनाला एकच सांगतो, मालकाला फोन करून बजावून ठेव की मी येईपर्यंत चालू करू नका. बोनेटला हात लाव, गरम लागला तर चहा पिऊन ये आणि थंड झाल्यावर स्टार्ट कर. निळसर धूर, टिकटिक, किल्ली फिरवल्यावर चेक लाईट (मीटरमधला इंजिनाचा दिवा) पेटून विझायच्या ऐवजी मुळात पेटतच नसणं (म्हणजे कुणीतरी काढून टाकलाय) हे सगळं थंड स्टार्टलाच कळतं. मग चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दे, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी तेवढी गेली नाही तर क्लच संपला, तेवढे पैसे कमी कर. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी २०१७ ची, किलोमीटर दाखवतेय २५ हजार आणि चारही टायर २०२१ चे, असं असेल तर मीटर कुणी मागे फिरवला हे विचारायला हरकत नाही.

प्रश्न: चिपळूणजवळ राहतो. ओळखीच्या ब्रोकरकडे २०१९ ची गाडी बाजारभावापेक्षा ऐंशी हजार कमी सांगतायत, आतून एकदम नवी, सीट कव्हर पण नवीन. घाई करतायत. घेऊ का?

उत्तर: तुम्ही चिपळूणकर असून मला विचारताय! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. त्या आठवड्यात चिपळूण आणि महाडमध्ये किती गाड्या बुडाल्या, त्यातल्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका, धुऊन, वाळवून, अत्तर मारून लांब जिल्ह्यात विकल्या गेल्या आणि फिरून काही परत पण आल्या असतील. बुडालेली गाडी वर्षभर चालते, मग वायरिंग सडायला लागतं, कधी काच खाली होत नाही, कधी एअरबॅगची लाईट, आणि कुणालाच कारण सापडत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तिथे चिखलाची रेघ दिसते, बेल्ट कोण बदलत नाही. सीटखालचे रेल आणि बोल्ट गंजलेत का, कार्पेटचा कोपरा उचलून खाली काय आहे, हेडलाईटच्या आत आडवी रेघ आहे का. एसी फुल करून काचा बंद करून पाच मिनिटं बसा, नाकाला कळेल. आणि त्या साली इन्शुरन्स क्लेम काय झाला होता ते गाडीच्या नंबरवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. नवीन कव्हरमागे काय आहे ते बघू देत नसतील तर ऐंशी हजार कशाचे कमी ते कळलंच.

प्रश्न: मी दापोलीला शिक्षिका आहे. क्लचने गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक हवी, बजेट साडेचार. एएमटी घाटात मागे जाते असं सगळे म्हणतात, खरं का?

उत्तर: मॅडम, खरं आहे पण घाबरण्याइतकं नाही. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम मशीन करतं. चढावर ब्रेक सोडला की क्षणभर मागे येऊ शकते, तिथे हॅण्डब्रेक लावून अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि मग सोडायचा, दोन दिवसांत सवय होते. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. घाट आला की मॅन्युअल मोडला टाकून दुसरा-तिसरा स्वतः निवडा, नाहीतर ती नको तिथे गियर बदलून झटका देते. पिकअपची तुमची अपेक्षा नसेल तर होंडा जॅझ पेट्रोल सीव्हीटी (गियरचे झटकेच नसलेली ऑटोमॅटिक) बघा, लोण्यासारखी चालते. डिझेल बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) नको, शाळा-बाजार एवढ्या छोट्या फेऱ्यांना तिचा धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर चोंदतो.

प्रश्न: मेव्हण्याने दिल्लीची गाडी बघितलीय, लाखभर स्वस्त. कागदांचं काय? (कुडाळ)

उत्तर: तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलला आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोलला कडक नियम म्हणून स्वस्त दिसतात. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणायचा, गाडी इकडे आणायचा भाडं-डिझेलचा खर्च, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा, ट्रान्सफर, एमएच ०७ नंबर. लाखातले किती उरले ते मेव्हण्याला कागदावर मांडायला सांगा. महाराष्ट्रातलीच घेतलीत तर नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि लोन असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ई-चलनं बाकी आहेत का ते गाडीच्या नंबरवर बघा, मुंबईच्या गाडीवर पाच-दहा हजारांची सहज असतात, ती विकणाऱ्याने भरायची. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) जुन्या मालकाचा असतो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम वाढला की एजंटशी भांडू नका.