खुब्यातली प्लॅस्टिकची वाटी चेपते का?

प्रश्न : आईचा खुबा गेल्या वर्षी बदलला. तिचं वजन ६० किलो. सांध्यातली वाटी प्लॅस्टिकची आहे म्हणतात. आमच्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय दोन उन्हाळ्यांत फाकले, मग ही वाटी कशी टिकणार? नव्या एक्स-रेत मांडीच्या हाडावर बसवलेला कृत्रिम गोळा वाटीत किंचित वर सरकल्यासारखा दिसतो. आई निंदणाला जाऊ का, असं विचारते आहे.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वाटी थोडी चेपतेच, ते गृहीत धरलेलं असतं. सतत भाराखाली प्लॅस्टिक हळूहळू दबतं. डॉक्टर याला क्रीप म्हणतात. हे बहुतेक पहिल्या वर्ष-दोन वर्षांत होतं. गोळा नीट बसला की वेग मंदावतो. एक्स-रेत दिसलं ते बहुधा हेच, पण मोजून खात्री करून घ्या.

खुर्चीशी तुलना मात्र चुकते. वाटीचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिइथिलीन, ते २० लाखांहून अधिक रेणुभाराचं असतं. त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतल्याने सहज घसरत नाहीत. शिवाय बहुधा ती टायटॅनियमच्या कवचात बसवलेली असते, त्यामुळे बाहेर फाकायला जागाच नाही. उन्हाची काळजी नको : हे वितळतं १३५ अंशांच्या आसपास, शरीरात असतात ३७.

चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट, म्हणजे १५० ते १८० किलो भार येतो. गोळा ३२ मिलिमीटरचा धरला तर हा भार सुमारे ८ चौरस सेंटिमीटरवर पसरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सरासरी फार तर २२ किलो. हे प्लॅस्टिक कायमचं वाकायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो लागतात. अडखळलं तर भार आठ पटींपर्यंत जातो, तरी सरासरी त्याच्या आतच राहते.

खरी भीती काठाची. वाटी जास्त उभी बसली किंवा उकिडवं बसताना गोळ्याची मान (त्याच्या खालचा निमुळता दांडा) काठावर आपटली, तर सगळा भार अरुंद जागी येतो आणि पातळ काठाला तडा जाऊ शकतो. किरणांनी साखळ्या जोडलेलं नवं पॉलिइथिलीन झिजतं फार कमी. जुनं वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजायचं, हे त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण तडा रोखण्यात ते थोडं कच्चं पडतं. म्हणून उकिडवं बसून निंदण नको. उभ्याने होणारी कामं डॉक्टरांना विचारून करावीत.

शस्त्रक्रियेच्या कागदांवरचं सांध्याचं स्टिकर आणि जुने एक्स-रे जपून ठेवा. तपासणीला दुखण्याची वाट पाहू नका : झिजेच्या कणांमुळे भोवतालचं हाड पोखरलं जातं, तेव्हा बराच काळ काहीच दुखत नाही.