‘वेगवान’ स्पीकर की ‘चपळ’ स्पीकर?

काही स्पीकर हेडफोनपेक्षा ‘फास्ट’ वाटतात, हे मराठीत सांगताना ‘वेगवान आवाज’ म्हणावे का, अशी एका वाचकाची पृच्छा आहे. म्हणू नये. हा प्रयोग उपकरणांच्या परीक्षणांत इतका बोकाळला आहे की आता तो वाचतानाही वैताग येतो. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो आणि स्पीकर कितीही महाग घेतला, तरी त्यात तसूभरही वाढ होत नाही. ‘द्रुत’ आणि ‘जलद’ हे शब्द लयीसाठी राखून ठेवावेत.

इथे चालणारा शब्द ‘चपळ’ हाच आहे, कारण त्याच्या मुळाशी धावणे नसून थरथरणे आहे. मोनियर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश ‘चपल’ शब्दाचे नाते ‘कम्प्’ धातूशी जोडतो आणि कंप हेच तर स्पीकरच्या पडद्याचे सारे आयुष्य! उणादिसूत्रे, म्हणजे धातूंपासून शब्द साधून देणारी संस्कृत व्याकरणातली सूत्रे, मात्र हा शब्द ‘चुप्’ धातूपासून साधतात आणि धातुपाठात, म्हणजे धातूंच्या पारंपरिक यादीत, त्या ‘चुप्’चा अर्थ चक्क ‘मंद गती’ असा दिलेला आहे. मंद चालण्यातून चापल्य काढणाऱ्या या व्युत्पत्तीला परंपरेचा आधार असला, तरी ती रूप जुळवण्यापुरती केलेली कसरत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वेग’ शब्दही ‘विज्’ म्हणजे थरथरणे या धातूतून आला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण मराठीतल्या ‘वेग’मध्ये ती थरथर आज कुणाला ऐकू येते?

अमरकोशात ‘चपल’ हे पाऱ्याचे नाव आहे आणि ‘चपला’ हे विजेचे. वीज चमकते आणि त्याच क्षणी नाहीशी होते. तिचे हे नाहीसे होणेच इथे कामाचे आहे. 40 हर्ट्झच्या खर्ज स्वराचे एक आवर्तन 25 मिलिसेकंदांचे असते आणि वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा, पडदा जड असो वा हलका, त्या आवर्तनाला तेवढाच वेळ लागतो. फरक पडतो तो ठोका संपल्यावर. पेटीची रचना नीट असेल आणि कंपनाला पुरेसा अवरोध असेल, तर पडदा लगेच स्थिरावतो. नसेल, तर तो हलत राहतो, खोलीतील अनुनाद त्यात भर घालतात आणि पुढचा ठोका मागच्याच्या शेपटीवर पडतो. याला मराठीत ‘रेंगाळणे’ असा नेमका शब्द असताना ‘स्लो बास’ कशासाठी म्हणायचे?

राहिला हेडफोनचा मुद्दा. त्याचा पडदा फार हलका असतो आणि मध्ये खोलीच नसल्याने तिचे अनुनादही नसतात. म्हणजे चापल्याचा मान सहसा त्यालाच द्यावा लागेल. तरीही स्पीकर अधिक तत्पर वाटतो, याचे एक मोठे कारण असे की त्याचा खर्ज केवळ कानाला नव्हे, तर छातीला आणि पायाखालच्या जमिनीलाही जाणवतो, आणि हेडफोनमध्ये नेमके तेच हरवते. पृच्छकांना हाच अनुभव सांगायचा असेल, तर त्यांनी ‘चपळ’ही म्हणू नये; ‘या स्पीकरचा ठोका अंगाला जाणवतो’ असे सरळ लिहावे.