कास्ट टाकून गप्प बसवलेला कंपायलर

प्रश्न : सर, पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये मी मेंटेनन्स बघतो. वजनकाट्यांचे आकडे नेटवर्कवरून गोळा करणारा एक सी प्रोग्राम आहे, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला. जुना ३२ बिटचा पीसी यंदा गेला. नव्यावर ६४ बिटचं लिनक्स आणि जीसीसी १४ हा कंपायलर आहे. मेक केलं की आधी ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ येतं, आयनेट_एनटोए या फंक्शनवर. खाली ‘इनकंपॅटिबल पॉइंटर टाइप’, आलेलं कनेक्शन स्वीकारणाऱ्या ॲक्सेप्ट फंक्शनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटवर. मित्राने मेकफाइलमध्ये एफपरमिसिव्ह हा फ्लॅग टाकायला सांगितला. टाकला, कंपाइल झालं. पण पहिला काटा जोडला की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्राम तिथेच मरतो. हाच प्रोग्राम दहा वर्षं बिनबोभाट चालत होता. चूक कोणाची?

उत्तर : मित्राची मिसळ या महिन्यापुरती बंद करा. त्याने दुखणं बरं केलं नाही, पेशंटचं तोंड बांधलं.

चूक त्या जुन्या प्रोग्रामचीच, आणि ती पहिल्या दिवसापासून होती. आयनेट_एनटोए हे फंक्शन आयपी ॲड्रेसचा मजकूर करून देतं, म्हणजे कॅर पॉइंटर, त्या मजकुराचा मेमरीतला पत्ता, परत करतं. पण ही गोष्ट ज्या हेडरमध्ये, म्हणजे फंक्शनची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, लिहिली आहे ते, आर्पा/आयनेट.एच, तुमच्या फाइलमध्ये इन्क्लूडच केलेलं नाही. जुन्या सी-चा रिवाज असा होता की फंक्शनची ओळख करून दिलेली नसेल, तर ते इंट, म्हणजे साधा पूर्णांक, परत करतं असं धरून चालायचं. सी-च्या १९९९ च्या प्रमाणाने (सी९९) हा रिवाज मोडीत काढला, तरी कंपायलर पुढची पंचवीस वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून देत होते. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आला आणि त्याने ती वॉर्निंग एररच करून टाकली. एफपरमिसिव्हने तुम्ही तिला पुन्हा वॉर्निंग केलंत, एवढंच.

मग जुन्या पीसीवर का चाललं? तिथे इंट ४ बाइटचा आणि पॉइंटरही ४ बाइटचाच. कंपायलरने पॉइंटरला इंट समजलं तरी मापात काही सांडलं नाही. नव्या मशीनवर इंट ४ चाच राहिला, पॉइंटर ८ बाइटचा झाला. लायब्ररीने परत केलेला पत्ता हेक्समध्ये लिहिला तर साधारण बारा आकडी असतो. इंट समजून घेतल्यावर त्यातले शेवटचे आठ आकडे उरतात. पाकिटावरचं ‘गंगापूर रोड, नाशिक’ खोडून नुसतं ‘बंगला नंबर ४’ ठेवावं तसं. पोस्टमन कुठल्या तरी चार नंबरच्या दारात जाऊन उभा राहणार. मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफने त्या दारात जाऊन मजकूर वाचायचा प्रयत्न केला आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याची गचांडी धरली.

काही जण इथे आयनेट_एनटोएच्या डाव्या बाजूला कॅर पॉइंटरचा कास्ट ठोकतात, म्हणजे ‘हा याच टाइपचा समज’ असं कंपायलरला बजावतात. त्याने इंटचा पॉइंटर केल्याची तक्रार थांबते, पण पत्ता कापला जातो तो कास्टच्या आधीच. तुटलेल्या बोटाला बँडेज.

करायचं असं. टर्मिनलवर त्या फंक्शनचं मॅन पेज, म्हणजे माहितीचं पान, उघडा. पहिल्या पडद्यावर सिनॉप्सिस असतं : कोणतं हेडर, काय परत येतं, कोणतं आर्ग्युमेंट कोणत्या टाइपचं. त्या चार-पाच ओळी वाचल्या की निम्म्या एरर जातात. माझ्या क्लासमधली मुलं मात्र त्या ओलांडून थेट खालचं उदाहरण शोधतात. हेडर घाला, फ्लॅग काढा, वॉल आणि डब्ल्यूएक्स्ट्रा हे जास्त वॉर्निंग दाखवणारे दोन फ्लॅग लावा, आणि एरर वरून खाली एकेक सोडवा. वरची गेली की खालच्या दोन-चार आपोआप जातात.

हात घातलाच आहे तर आयनेट_एनटोए काढून आयनेट_एनटॉप वापरा. पहिल्याचा बफर, म्हणजे मजकूर ठेवायची जागा, एकच असतो, दुसऱ्या कॉलला तो पुसून निघतो. एकाच प्रिंटएफमध्ये दोन काट्यांचे ॲड्रेस छापायला जाल तर दोन्हीकडे एकच दिसेल. दुसऱ्याला बफर तुम्ही द्यायचा, आयपीव्ही४ साठी १६ बाइट पुरतात.

आता ॲक्सेप्ट. तिसऱ्या आर्ग्युमेंटला जाणारा लांबीचा व्हेरिएबल त्या भल्या माणसाने साइझ_टी टाइपचा केला असणार, बघा; ॲक्सेप्टला हवा सॉकलेन_टी. ३२ बिटवर साइझ_टी आणि सॉकलेन_टी दोन्ही ४ बाइटचे, म्हणून तिथे कुणाचं लक्ष गेलं नाही. ६४ बिटवर साइझ_टी ८ बाइटचा होतो, सॉकलेन_टी ४ चाच राहतो. या टाइपला इतिहास आहे. मुळात इथे साधा इंट होता. युनिक्ससारख्या सिस्टिमचं प्रमाण असलेल्या पॉसिक्सच्या मसुद्यात त्याचा साइझ_टी झाला, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने आक्षेप घेतला की इंटच्या मापाचाच हवा, नाहीतर जुने प्रोग्राम मोडतील. त्या भांडणातून सॉकलेन_टी हे नाव निघालं. तुम्ही तो व्हेरिएबल सॉकलेन_टी म्हणून जाहीर करा, विषय संपला. इथेही कास्ट टाकलात तर तुमच्या इंटेलच्या पीसीवर चालेलही, कारण तिथे खालचे चार बाइट आधी येतात. हे नशिबावर चालणं झालं, आणि हंगामात शंभर क्रेट रांगेत उभे असताना नशीब कसं वागतं ते तुम्हाला माहीत आहे.

एक कास्ट मात्र राहू द्या : बाइंड आणि ॲक्सेप्टला सॉकॲडर_इन देताना सॉकॲडर पॉइंटरचा. सॉकेटचा, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या फंक्शनांचा, हा घाट १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधला आहे आणि कुठल्याही टाइपचा पत्ता चालवून घेणारा व्हॉइड पॉइंटर सी-च्या प्रमाणात आला १९८९ ला, म्हणून तिथे कास्ट करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणखी एक जागा तपासा, कारण तिथे मी स्वतः आपटलो आहे. आलेला डेटा वाचणारं रीड हे फंक्शन किती बाइट वाचले ते एसएसाइझ_टीमध्ये देतं, चिन्हासकट. चूक झाली की उणे एक. सातपूरच्या एका कारखान्यात असताना ३२ बिटच्या मशीनवर मी तो आकडा बिनचिन्हाच्या साइझ_टीमध्ये घेतला होता. केबल सैल झाली की रीड उणे एक द्यायचं आणि माझ्याकडे ते ४२९४९६७२९५ म्हणून पोचायचं. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही माझी तपासणी जन्मात खरी होणार नव्हती. पुढची ओळ बफरच्या शेवटी शून्य लिहायची. त्या राक्षसी आकड्याने पत्ता गुंडाळून उलटा यायचा आणि शून्य पडायचं बफरच्या एक घर आधी, जिथे मशीन नंबर ठेवला होता. जुलैचा पाऊस, रात्री साडेअकरा, सिडकोहून स्कूटरवर गेलो, तर रिपोर्टमध्ये सगळ्या मशीनचा नंबर शून्य. डब्ल्यूएक्स्ट्रा लावला असता तर ती तुलना नेहमीच खोटी आहे हे कंपायलरने दुपारीच सांगितलं असतं. वॉर्निंगांचा त्रास नको म्हणून मीच तो बंद केला होता.

प्रश्न : स्ट्रिंग.एच घातलं आहे, तरी मजकुराची प्रत करणारं स्ट्रडुप ‘इम्प्लिसिट’ म्हणून एरर येतं. घरी चालतं, कॉलेजच्या लॅबमध्ये नाही. – एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : लॅबच्या मेकफाइलमध्ये एसटीडी बरोबर सी९९ आहे का बघ. तसं सांगितलं की लायब्ररी फक्त त्या प्रमाणातली नावं दाखवते आणि स्ट्रडुप तेव्हा पॉसिक्सचं होतं. सी-च्या प्रमाणात ते सी२३ ला आलं. सी९९ च्या जागी जीएनयू९९ कर, किंवा फाइलच्या अगदी वर _पॉसिक्स_सी_सोर्स ची किंमत २००८०९एल अशी डिफाइन कर. अगदी वर म्हणजे पहिल्या इन्क्लूडच्याही आधी, नंतर केलंस तर उपयोग शून्य.

प्रश्न : मराठी नावं इझअल्फाला (अक्षर आहे का ते तपासणाऱ्या फंक्शनला) दिली की विंडोजवर प्रोग्राम पडतो, लिनक्सवर नाही. असं का? – इंदिरानगर

उत्तर : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइटचा; ‘नाशिक’ म्हणजे १५ बाइट. पहिला बाइट २२४. तुमच्या पीसीवर कॅर चिन्हासकट असल्याने तो होतो उणे ३२, आणि इझअल्फाला ईओएफ (फाइल संपल्याची खूण) सोडून कुठलाही उणे आकडा देणं नियमात बसत नाही. लिनक्सची लायब्ररी सांभाळून घेते, दुसरी घेईलच असं नाही. आधी अनसाइन्ड कॅर करून द्या. पण त्याने प्रोग्राम पडायचा थांबेल, ‘ना’ अक्षर आहे हे इझअल्फाला तरीही कळणार नाही. त्यासाठी एमबीआरटोडब्ल्यूसी या फंक्शनने अनेक बाइटचं एक वाइड कॅरेक्टर करून घ्यावं लागेल.